जोडबाही

शर्टाची शिवण दंडाला लागली आणि चारुशीला खोडके खुर्चीतून अर्धी उठली.

खरं तर तिच्या दंडाला काहीच लागलं नव्हतं. मनगटापासून खांद्यापर्यंत एक पातळ, जाळीदार बाही तेवढी होती. शर्ट घातला होता समोर उभ्या असलेल्या मिहिकाने. शाळेचा आकाशी शर्ट, दोन वर्षं धुऊन धुऊन मऊ पडलेला. तरी चारुशीलाच्या दंडाभोवती कोणी काथ्याची दोरी आवळून फिरवावी तसं झालं. मिहिकाने हात हलवला की ती दोरी पुन्हा फिरे.

मिहिका मात्र शांतपणे बटणं लावत होती.

"मिहिका, थांब जरा. टोचतंय का गं?"

"हो."

"आजच टोचतंय?"

मॅडमनी भलतंच काही विचारल्यासारखं मिहिकाने पाहिलं. "रोजच टोचतो."

"मग कधी सांगितलं कसं नाहीस?"

"तुम्हीच म्हटलं होतं ना, सवय होते म्हणून." तिने शेवटचं बटण लावलं. "झाली. टोचायची सवय झाली."

चारुशीलाने बाही काढून टेबलावर ठेवली. दंड चोळून पाहिला. कातडीवर साधा वळही नव्हता.

चारुशीला ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती. अमरावतीत रुक्मिणीनगरमधल्या एका घराच्या तळमजल्यावर तिचं केंद्र गेली अठरा वर्षं चालू होतं. छताला टांगलेले झोके, राजमा आणि तांदूळ भरलेले टब, वजनाची जॅकेटं, मऊ ब्रश अशी तिची हत्यारं. तिच्याकडे येणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत, कानांत, कातडीत दोष नसे. त्यातून आलेला निरोप मेंदूत नीट लावला जात नसे. कोणी केस विंचरताना किंचाळायचं, कोणी मिक्सर सुरू झाला की पलंगाखाली शिरायचं, कोणाला भाताचं शीत ओठाला चिकटलं की उलटी व्हायची. नातेवाईक म्हणायचे, लाडावून ठेवलंय. चारुशीला त्यांना समजावायची आणि मुलांना खेळवत खेळवत एकेका स्पर्शाशी ओळख करून द्यायची.

मिहिका वानखडे पाच वर्षांची असताना आली, तेव्हा एक विरलेला बनियन सोडून अंगावर काही टिकू देत नव्हती. मनगट चावून चावून तिथे घट्टा पडला होता. आता पावणेआठ वर्षांची ती गणवेश घालून शाळेत सहा तास बसत होती. केंद्रात येणाऱ्या प्रत्येक नव्या आईबापाला चारुशीला तिचं उदाहरण द्यायची.

आणि आज कळत होतं, की त्या उदाहरणाला दोन वर्षं रोज टोचत होतं.

जोडबाही पुण्याच्या एका संशोधन संस्थेतून तीन महिन्यांच्या चाचणीसाठी आली होती. दोन बाह्या आणि कपाळाची एक पट्टी. तत्त्व समजायला अवघड नव्हतं. कातडीवरून निघालेला निरोप मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस नावाच्या भागातून पुढे जातो. हा भाग चौकीसारखा असतो. अंगावरच्या कपड्याचा, पंख्याच्या वाऱ्याचा निरोप तो आत सोडतच नाही, म्हणून आपण कपडे घातलेत हे आपण दिवसभर विसरून जातो. काही मुलांची ही चौकी सताड उघडी असते. प्रत्येक निरोप आत जातो आणि जाताना मोठाही होतो. मुलाच्या हातातली बाही कातडीवरचा मूळ निरोप टिपे. कपाळाची पट्टी मेंदूने तो कितपट मोठा केला ते मोजे. मग दुसरी बाही मोठ्या माणसाच्या दंडातल्या त्याच नसा तेवढ्याच जोराने चेतवी. मुलाला किती लागतं, हे आजवर त्याच्या रडण्याओरडण्यावरून ओळखावं लागे. आता ते दुसऱ्याच्या हातात उतरत होतं.

पण जी मुलं रडणं सोडून देतात, त्यांचं काय ओळखत होतो आपण? संध्याकाळी केंद्राला कुलूप लावताना हा प्रश्न चारुशीलाच्या डोक्यात आला आणि कुलूप लावलं की नाही हे बघायला ती फाटकातून दोनदा मागे आली.

*

मिहिकाची आई पूर्वा एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. लहान बाळं आणि म्हातारी माणसं तिच्याकडेच पाठवत. सुई कधी गेली ते कळत नाही, असं लोक म्हणत.

चारुशीलाने तिला शर्टाचं सांगितलं, तेव्हा तिने आधी मिहिकाकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "पण मॅडम, ती बसते ना आता शाळेत? मग आता काहून उकरायचं हे?"

"तिला त्रास होतोय, पूर्वा."

"तुमचं यंत्र म्हणते तसं. ती तर म्हणत नाही."

"तीच म्हणाली."

पूर्वाने टेबलावरच्या बाहीकडे पाहिलं. "मला घालू द्या."

चारुशीलाने घालू द्यायला नको होती. चाचणीच्या नियमांत पालकांना मनाई नव्हती, पण आधी समुपदेशन करावं असं लिहिलं होतं. ते तिला नंतर आठवलं. त्या क्षणी एवढंच वाटलं, की आईचा हक्क आहे.

मिहिका तिची बाही आणि कपाळाची पट्टी घालून गालिच्यावर ठोकळे रचत होती. पूर्वाने बाही चढवली, लेकीजवळ बसली आणि एरवी हाताळायची तशीच, बोटांच्या टोकांनी, तिच्या हातावरून हळूच हात फिरवला.

तिचा चेहरा बदललेला चारुशीलाला दिसला. पूर्वाने हात मागे घेतला. बोटांकडे पाहिलं. पुन्हा एकदा, आणखी हलकेच, लेकीच्या हाताला लावली आणि चटका बसल्यासारखी ओढून घेतली.

"हलका स्पर्श तिला जास्त झोंबतो," चारुशीला घाईघाईने म्हणाली. "म्हणून तर मी सांगत होते, दाबून धरा, तळहात पूर्ण टेकवा. करून बघा."

पूर्वाने तळहात टेकवून दाबलं. झोंबणं कमी झालं असावं, पण तिचे खांदे खाली दबले. "बाप्पा, केवढं जड आहे हे! भिंत पडल्यासारखं." तिने बाही खेचून काढली. "आठ वर्षं मी हिला हे करत आले?"

मिहिकाने मान वर केली. "आई, काय झालं?"

"काही नाही, बाळा," पूर्वा म्हणाली. एरवी हे म्हणताना तिने लेकीच्या केसांवरून हात फिरवला असता. आज हात मांडीवर तसाच राहिला.

*

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मिहिका पुन्हा मनगट चावू लागली.

चारुशीलाने सगळं तपासलं. शाळेत बाई बदलल्या का? नाही. शेजारी बांधकाम? नाही. झोप? थोडी कमी. शर्टाच्या शिवणी तर पूर्वाने उसवून, वळवून बाहेरून घातल्या होत्या. जोडबाहीवर शर्टाचा जोर निम्म्याने खाली आला होता. म्हणजे त्रास कमी झाला होता आणि मूल बिघडलं होतं. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

तिने मिहिकालाच विचारलं. दोघी मोठ्या झोक्यावर पालथ्या पडून झुलत होत्या. एकमेकींचं तोंड दिसत नसलं की मिहिका जास्त बोलायची.

"घरी काही झालंय का गं?"

"आई रागावली आहे."

"कशावरून?"

"माहीत नाही. लांबून बोलते." झोका दोनदा पुढे-मागे झाला. "वेणीपण बाबा घालतात. त्यांना येत नाही."

चारुशीलाने झोका पायाने थांबवला. "मिहिका, आई हात लावते तेव्हा दुखतं ना तुला?"

"हो."

"मग आई लांब राहिली तर बरं वाटायला पाहिजे."

मिहिका झोक्याच्या दोरीचा सुटलेला धागा उसकत राहिली. चारुशीलाला वाटलं, तिला प्रश्न कळला नसावा. मग लक्षात आलं, प्रश्नच बरोबर नव्हता.

"ते आईचं असतं," मिहिका शेवटी म्हणाली आणि झोका हलवा म्हणून तिने पाय झाडले.

त्याच आठवड्यात मिहिकाचे बाबा तुषार वानखडे एकटेच भेटायला आले. ते वीज कंपनीत कनिष्ठ अभियंता होते आणि थेट साइटवरून, हेल्मेट हातात घेऊनच आले होते. पुण्याच्या त्याच संस्थेत मंदन नावाचा उपचार सुरू झाला होता. ध्वनिलहरींचे अगदी बारीक झोत थॅलॅमसवर सोडून ती उघडी चौकी कायमची अर्धी लावून घ्यायची. कापाकापी नाही, भूल नाही, चार बैठका. पण मूल आठ वर्षांचं व्हायच्या आत, आणि थेरपिस्टच्या शिफारशीशिवाय नाही.

"मॅडम, साधा हिशोब आहे," तुषार म्हणाले. "घरात होल्टेज जास्त येत असलं तर आपण स्टॅबिलायझर लावतो की नाही? का फ्रिजला म्हणतो, सवय कर?"

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं होतं, पण चारुशीलाच्या ते वर्मी लागलं.

"लेकरू दोन महिन्यांत आठ वर्षांचं होते. पूर्वा तिला हात लावत नाही. रात्री रडते. मला म्हणते, मी तिला जाळते. मी काय करू, सांगा. तुम्ही सही द्या, मी तारीख घेतो."

"मंदन केलं की पुन्हा उलटं करता येत नाही, तुषार."

"दुखणं परत कोणाला पाहिजे जी?"

चारुशीलाने आठवडाभराची मुदत मागून घेतली.

तिने पुण्याला फोन लावला. जोडबाही बनवणाऱ्या गटाच्या प्रमुख डॉ. फाल्गुनी आठल्ये वयाने तिच्याहून बऱ्याच लहान होत्या आणि फोनवर स्पष्ट बोलत.

"मुलीला जेवढं लागतं तेवढंच आईला लागलं ना?" चारुशीलाने विचारलं.

"जेवढ्या जोराने तिच्या मेंदूत पोचतं, तेवढ्याच जोराने आईच्या मेंदूत पोचलं. हे मी खात्रीने सांगते."

"मग आई कळवळली. मुलगी तर ते मागते आहे."

"मॅडम, आम्ही किती ते मोजतो. कसं वाटतं, ते मोजता येत नाही अजून. आई पस्तीस वर्षं कमी जोरात जगलेली. तिला अचानक हे मिळालं, तर तिच्या मेंदूने त्याचा अर्थ आग असा लावला. मुलीला जन्मापासून दुसरं काही माहीतच नाही."

"म्हणजे तिला दुखत नाही?"

"तसं मी म्हटलेलं नाही."

"मग दुखतं?"

"तेही सांगता येणार नाही मला," डॉ. आठल्ये म्हणाल्या. "ती स्वतः काय म्हणते?"

ती म्हणते, टोचतो. ती म्हणते, सवय झाली. ती म्हणते, ते आईचं असतं. चारुशीलाने हे तिन्ही एका कागदावर लिहिलं आणि त्याखाली शिफारसपत्राचा कोरा अर्ज ठेवून बसून राहिली. हातांवरून ब्रश फिरवताना आपण कोणाकोणाला काय काय सोसायला लावलं, याची मोजदाद मनात सुरू झाली होती. त्यातली काही मुलं आता कॉलेजात होती. त्यातल्या एकाला फोन लावून विचारावं असं वाटलं. नंबर काढला आणि लावला नाही. तो काय म्हणाला असता, याची भीती वाटली. आणि तो काहीही म्हणाला असता तरी ते खरं धरायचं कसं, हेही कळेना.

*

मुदत संपायच्या दिवशी चारुशीलाने तिघांना बोलावलं. सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. एकच गोष्ट करून बघायची राहिली होती.

"आज उलटं करू," ती म्हणाली. "पट्टी आणि पहिली बाही आईला. दुसरी मिहिकाला."

"त्यानं काय होईल?" तुषारनी विचारलं.

"मंदन झाल्यावर मिहिकाला जेवढं लागेल, ते साधारण आपल्या सगळ्यांना लागतं तेवढं असेल. तिचं तिला बघू दे."

दुसऱ्या बाहीतून आपलं लागणं जाणार नाही, आईचं येईल, हे चारुशीलाने मिहिकाला दोनदा समजावलं. नको वाटलं की लगेच काढायची, हेही. मिहिकाने स्वतःच बाही चढवली. पूर्वा समोर बसली, कपाळाला पट्टी, ओठ घट्ट मिटलेले. चारुशीलाने एक मऊ ब्रश घेतला आणि पूर्वाच्या हातावरून फिरवला.

मिहिका वाट बघत राहिली.

"सुरू करा ना," ती म्हणाली.

"सुरू आहे बाळा. बघ, मी फिरवतेय."

मिहिकाने ब्रशकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. डोळे मिटून घेतले. पुन्हा उघडले. "एवढंच?"

"एवढंच."

"शर्ट घाला तिला."

पूर्वाने अंगावरच्या कुर्त्याची बाही खाली ओढली. मिहिकाने मान हलवली. काहीच आलं नव्हतं. मग तिने पुढे होऊन आईच्या हातावर बोट ठेवलं. हळूच, पूर्वा तिला लावायची तसंच. तिच्या स्वतःच्या बाहीत त्या बोटाचा अगदी पुसट निरोप आला असणार. तिने बोट काढलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा काढलं.

तिचे डोळे भरून आले.

"दुखलं का गं?" तुषार उठले. "काढ ती बाही."

"आईला लागतच नाही," मिहिका म्हणाली. "मी हात लावते ते आईला कळतच नाही!"

"कळतं गं," पूर्वा म्हणाली. "कळतं मला."

"इतकुसंच कळतं."

चारुशीलाने आयुष्यभर हे असं मानलं होतं, की समोरच्या मुलाला जास्त लागतं आणि आपल्याला बरोबर लागतं. आता ती मुलगी तिघा मोठ्यांकडे, आंधळ्या माणसांकडे बघावं तशी, दयेने बघत होती.

चारुशीला तिच्याशेजारी खाली बसली. "मिहिका, बाबा पुण्याला न्यायचं म्हणतात ना, तिथे गेलं तर तुलापण असंच लागेल. एवढंच."

"शर्ट टोचणार नाही?"

"नाही."

"मिक्सर?"

"तोही कमी होईल."

"आणि आई?"

"आईचा हातही एवढाच लागेल."

मिहिकाने खूप विचार केला. बाहीच्या जाळीत नख अडकवून ती सोडवत राहिली. "फक्त शर्टाचं करता येतं?"

"नाही गं. केलं तर सगळ्याचंच होतं."

"मग मला नाही माहीत," मिहिका म्हणाली.

"मलाही नाही माहीत," चारुशीला म्हणाली. केंद्र सुरू केल्यापासून पालकांसमोर तिने हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं होतं. तुषारनी तिच्याकडे रागाने पाहिलं, आणि मग तो राग कुठे ठेवावा हे न कळून हातातलं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

मिहिकाने बाही काढली. उठली, आईच्या मांडीवर जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी तिचा दंड धरून दाबला. दात-ओठ खाऊन, सगळा जोर लावून.

"आता कळतंय?"

"हो," पूर्वा म्हणाली.

"आता?"

*

शिफारसपत्रात चारुशीलाने 'योग्य' आणि 'अयोग्य' या दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवल्या आणि खाली लिहिलं, की मुलीला उपचाराचं स्वरूप समजलेलं आहे, ती अजून ठरवू शकलेली नाही, आणि तिच्या वतीने ठरवण्याइतकं मला कळलेलं नाही. संस्थेने अर्ज अपूर्ण म्हणून परत केला. तुषारनी दुसऱ्या थेरपिस्टची सही मिळेल का, याची चौकशी नागपुरात केली. त्यांना सही मिळालीही. तारीख घेतली गेली.

त्या तारखेला ते पुण्याला गेले नाहीत. का गेले नाहीत, हे चारुशीलाला नीट कधी कळलं नाही. तुषारनी एवढंच सांगितलं, की आदल्या दिवशी बॅग भरताना त्यांनी मिहिकाला विचारलं आणि ती परत "माहीत नाही"च म्हणाली. मग त्यांनी बॅग भरायची थांबवली. "चुकलं असलं तर मोठी झाल्यावर भांडेल माझ्याशी," ते म्हणाले. "भांडू दे."

शाळेने बिनशिवणीचा टी-शर्ट चालवून घेतला. चारुशीला आता कोणत्याही मुलाला ब्रश लावण्याआधी थांबते, विचारते, आणि मिळालेल्या उत्तरावर पूर्वीइतका झटकन विश्वास ठेवत नाही. त्यामुळे तिचं काम सोपं झालेलं नाही. एका सत्रात पूर्वी व्हायचं त्याच्या निम्मं होतं.

मिहिका आठ वर्षांची झाली त्यानंतर पंधरवड्याने दुपारी पूर्वाचा फोन आला.

"मॅडम, मनगट चावणं बंद आहे."

"वा! छान."

"रोज शाळेतून आली की मांडीवर येऊन बसते. स्वतःहून." तिच्या मागे मिक्सर चालू होता. "पण ते दाबते ना जी ती, मला कळावं म्हणून... फार जोरात दाबते. काल लॅबमध्ये सगळे विचारत होते, हातावर हे निळं काय."

"दुखतं?"

"दुखतं ना."

"मग सांगा तिला. तिला सांगितलंच पाहिजे, पूर्वा."

फोनमधून मिक्सर बंद झाल्याचा आणि दार उघडल्याचा आवाज आला. मागून मिहिकाची हाक आली, दप्तर जमिनीवर आदळलं.

"हो," पूर्वा आवाज खाली आणून म्हणाली. "उद्या सांगते."